बाईंनी मारलेली रेघ

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत एकटाच बसलेला म्हातारा शिंपी शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकत होता.

“बाबा, माझ्या निबंधात ‘आजी गेली’ याच्याखाली बाईंनी रेघ मारलीय. म्हणाल्या, इथे घाई केलीस, नीट दिसू दे.”

“मग लिही, सगळे रडले.”

“ते सगळेच लिहितात. तिच्याजवळ तुम्हीच होतात ना? काय म्हणाली?”

“पाणी मागितलं.”

“दिलंत?”

“फोनवर होतो. हातानेच थांब म्हटलं.”

“मग?”

“फोन ठेवून वळलो, तर तिचा हात पेल्याकडे तसाच.”

“कुठला पेला?”

“स्टीलचा, काठ चेपलेला. भरलेला होता गं. तिचा हात पोचत नव्हता.”

“हे लिहू?”

“लिही. तुझ्या आत्यालाही अजून सांगितलेलं नाही मी.”

“आजोबा, तुमचा नंबर आला,” नर्स म्हणाली.

“बसू दे थोडं,” शिंपी म्हणाला.