मोठा पाठ, मिठाचा

(पनवेलजवळचं खाडीकाठचं गाव, १९५६. ओटीवर कमळाबाई, तिचा लेक महादेव आणि धाकटा दीर दाजी. मुलगी दमयंती पनवेलला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला.)

दाजी : म्हनून तर सांगत नव्हतो, वैनी. आज पनवेलात जे बघितलं, त्याच्यावर कोन इस्वास ठेवनार नाय. पयला मी सोता ठेवला नाय.

कमळाबाई : तुमच्या बोलन्यावर लोकांनी इस्वास ठेवला त्याला वीस वर्सं झाली, भावजी. सांगा.

दाजी : आपल्या दमयंतीचा मोठा पाठ झाला. मास्तरीन व्हनार का नाय, ते ज्याच्यावर ठरतं, तो.

महादेव : ते ठरलंय. ट्रेनिंगमधनं तिचं नाव काढायचं, आनी तिला मागनी घातलीय त्या उरनच्या पावन्यांना व्हय म्हनायचं.

कमळाबाई : पोरीला इचारलंस?

महादेव : मागल्या पाठाला चाळीस पोरं तिला हसली, आये. खडू हातात धरून नुसती उभी, तोंडातनं शब्द नाय. घरी आली ती दोन दीस जेवली नाय. परत तेच करायचं? बा असता तर त्यानं बघितलं असतं. आता मला बघायचं हाय.

दाजी : अरं, तो मागला. आज मी वर्गाच्या खिडकीला व्हतो. मागल्या बाकावर पुन्याचा परीक्षक. ही येवढी मिशी, मिशीत पेन्सिल खोवलेली.

महादेव : मिशीत.

दाजी : कानावर दुसरी व्हती, जागा नव्हती. तू मधी बोलू नको. दमी आली. काय शिकवायचं ते कागदावर लिवून आनतात ना सगळ्या? हिच्याकडं कागद नाय. पदरात मीठ, आपल्या आगरातलं. एकेक खडा पोरांच्या हातावर ठेवला. म्हनाली, “खायचं नाय. निसतं बघायचं. कोपरे किती हायेत ते मोजा.” वर्ग असा गप, की तिकडं लांब कर्नाळ्याच्या डोंगरावर पाखरू खाकरलं ते ऐकू आलं.

कमळाबाई : कर्नाळ्यावरचं.

दाजी : वारा तिकडचा व्हता. मंग दमीनं इचारलं, “खडा कोनी कोनी चाटला? हात वर करा.” चाळीसच्या चाळीस हात वर. आनी एकेचाळिसावा...

कमळाबाई : परीक्षकाचा.

दाजी : मिशीला मीठ लागलेलं. लपवनार कसं?

कमळाबाई : मंग पोरांवर रागावली का ती?

दाजी : छ्या. म्हनाली, “बरं झालं. खारट लागतं, हे आता मला सांगायला नको.” वैनी, मी तीन दीस शाळेत गेलो, तिन्ही दीस छडी खाल्ली. ही असती शिकवायला, तर आज मी मामलेदार असतो.

महादेव : मामलेदाराला खोटं बोलून चालत नाय.

दाजी : तू मामलेदार बघितला नाय अजून. फुडं ऐक. दमीनं परातीत खारं पानी वतलं, उन्हात ठेवलं. तास संपायच्या आत परातीत मीठ.

महादेव : आपल्या आगरात पंधरा पंधरा दीस तापतं पानी, तवा कुठं मीठ धरतं.

दाजी : आपलं पानी अडानी. ते ट्रेनिंग घेतलेलं.

कमळाबाई : मार्क किती दिले?

दाजी : शंभरातले एकशे धा. धा वरचे चाटलेल्या खड्याचे. आनी उठून म्हनाला, ही पोरगी कोनी घरी बसवली तर त्याला पाप लागंल.

महादेव : कोनाला?

दाजी : नाव नाय घेतलं त्यानं. भाऊ हाय कोनतरी, येवढंच म्हनाला.

महादेव : काका, कवा गेलता पनवेलला?

दाजी : सकाळचा. धा वाजले असतील.

महादेव : धा वाजता मी व्हतो तिथं. नाव काढाया गेलतो. शिपाई म्हनाला, मोठा पाठ उद्या हाय.

कमळाबाई : भावजी...

दाजी : मीठ तरी खरं हाय, वैनी. ऐतवारी माझ्याकडनंच मागून नेलं तिनं.

कमळाबाई : महादेवा, मंग नाव काढलंस?

महादेव : वर्ग रिकामा व्हता, आये. दमी एकटीच फळ्याम्होरं. मोकळ्या बाकांना सवाल इचारत व्हती, आनी उत्तर येईस्तवर थांबत व्हती. मी खिडकीतनंच परत फिरलो.

दाजी : बघ. खिडकी तरी मी खरी सांगितली.

महादेव : काका, तुमी आता गप बसा. समदं तुमीच सांगून टाकलंत, तर उद्या मी जाऊन बघू काय?