सांगलीचा निवाडा

सेहेचाळीस साली तासगावच्या कोर्टाच्या ओट्यावर बनुबाई आपल्या पुकाऱ्याची वाट बघत बसली होती. शेजारी म्हातारा अर्जुना आणि त्याचे वकील बोलत होते. सगळं तिच्या कानावर पडत होतं.

“अर्जुना, अर्ज फेटाळला. वाटणीचा निवाडा सांगली संस्थानातल्या पंचांनी दिलेला. हे इंग्रजी मुलखातलं कोर्ट. तो निवाडा मोडायचा अधिकार आपल्याला नाही, असं साहेब म्हणाले.”

“म्हंजी तारखा संपल्या?”

“संपल्या. आणि खरं सांगू? धाकट्या भावापेक्षा तुम्हालाच चांगली जमीन आलीय. भांडता कशाला?”

“जमिनीचं न्हाई वो. वाटणीच्या दिशी रागाच्या भरात दोघांनी शपथ घेतली, एकमेकांचा उंबरा चढायचा न्हाई. तवापासनं नाथाजी मला हितंच दिसतोय. औंदा लय वाळलाय.”

वकिलांनी गुंडाळलेले कागद परत उघडले.

“सांगलीच्या कोर्टात दावा लावता येईल.”

“मग त्यालाबी यावं लागंल?”

“यावंच लागेल.”

“मग लावा.”

वकील आत गेले. दावा जिंकलेला नाथाजी अजून पायरीशीच उभा होता. बनुबाईनं सरकून त्याला जागा करून दिली. तो थोरल्या भावाशेजारी टेकला.

“दादा, वकील काय म्हनलं?”

“सांगलीच्या कोर्टात जा म्हनलं.”

“जानार न्हवं?”

“जानार की.”

“बरं झालं. हितं तीन-तीन म्हैनं वाट बघाय लागायची. तिथं म्हनं दर म्हैन्याला तारीख पडती.”