उद्यान जनतेचं, बसू नये!

...नाही, मी म्हणतो, मग गवत लावलंच कशाला? आँ? दगड टाकायचे होते, निवडुंग लावायचं होतं, माणूस आपणहून उभा राहिला असता! पण नाही! हिरवंगार, मऊ, गादीसारखं गवत लावायचं, त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजायचं, आणि बरोब्बर मधोमध पाटी ठोकायची, 'गवतावर बसू नये'... अहो, म्हणजे पानात श्रीखंड वाढायचं आणि जेवणाऱ्याचे हात मागे बांधायचे, त्यातलीच गत! आणि वर फाटकावर हे एवढाल्या अक्षरांत काय लिहिलेलं? 'हे उद्यान जनतेचे आहे'! जनतेचं, बरं का... जनतेचं!

तुम्हाला सांगतो, आमचे कोंडाजी गांगुर्डे, आमच्याच वसाहतीतले, ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर. साधा माणूस. इतका साधा, की एस.टी.त कुणी ह्याच्या पायावर पाय दिला तर हाच म्हणणार, "सॉरी हां!" त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं हो त्या पाटीपुढं! आता तुम्ही म्हणाल, पाटी बघून कुणी रडतं का? सांगतो ना... सगळं सांगतो, दम धरा.

ब्याऐंशी सालची गोष्ट. कोंडाजीची बायको चांगुणा. माहेर घोटीकडचं, भाताच्या खाचरात वाढलेली बाई, आवाज असा की आमच्या वसाहतीत भोंग्याची गरज नव्हती. तिनं घरात "चहा झाला" म्हटलं की शेजारचे कप धुवायला घ्यायचे! तर ह्या चांगुणेला आधी टायफॉईड झाला, त्यातून उठते न उठते तोच कावीळ. वाचली, पण नुसती वाचली. भिंतीकडं तोंड करून पडायची. जेव म्हटलं तर नाही, बोल म्हटलं तर नाही. कोंडाजी बिचारा आयुष्यभर "जरा हळू बोल गं" म्हणत आलेला, तो आता कामावरून आल्यावर दारात उभा राहून कान द्यायचा... आत नुसती शांतता. भांडंसुद्धा वाजत नाही. मला म्हणाला, "भाऊ, मला घरात जायची भीती वाटते हो."

डॉक्टर म्हणाले, "गांगुर्डे, औषधं पुरे झाली. यांना मोकळ्या हवेत न्या. झाडाखाली बसवा. माणसांत आणा." बास! कोंडाजीला आठवलं, सरकारनं पेठ रस्त्याला डोंगराच्या कुशीत नवं उद्यान केलंय. कुठलं खातं ते विचारू नका, खात्याचं नाव मी घेत नाही, उगाच माझ्याच नावाची पाटी लागायची! पण राज्यभर म्हणे अशी उद्यानं करणार होते... जनतेनं यावं, निसर्गात रमावं, ताजंतवानं होऊन परत जावं.

रविवारी भल्या सकाळी कोंडाजीनं चांगुणेला शालीत गुंडाळलं, स्वतःच रांधून डब्यात भाकरी, भरली वांगी, ठेचा भरला आणि नाशकाच्या सी.बी.एस. स्टँडवरून पेठची एस.टी. धरली. वळणावळणानं बाईचं डोकं गरगरतंय, हा एका हातानं तिला धरतोय, दुसऱ्या हातानं डबा. उतरले. समोर फाटक. फाटकाला कुलूप! आणि कुलपाच्या वर? पाटी! 'उद्यान रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी बंद राहील.'

अहो, मग जनतेनं यायचं कधी? सोमवारी? सोमवारी जनता कारखान्यात असते, शाळेत असते, शेतात असते! आत खाकी कपड्यातला पहारेकरी उभा. मंगळू त्याचं नाव, तिथल्याच पाड्यावरचा. कोंडाजी म्हणाला, "दादा, बाई आजारी आहे, पाच मिनिटं..." मंगळू म्हणतो, "मी पन रविवारचा इथं कंटाळतोय, पन किल्ली सायबाकडं. सायेब नाशकात. सायबाला सुट्टी." साहेबाला सुट्टी म्हणून डोंगराला सुट्टी! उद्यान जनतेचं, पण किल्ली साहेबाची!

दुसरा कुणी असता तर नाद सोडला असता. कोंडाजीनं मंगळवारची रजा टाकली. पुन्हा शाल, पुन्हा डबा, पुन्हा पेठची एस.टी. फाटक उघडं! तिकीट काढलं, आत गेले. आणि काय सांगू तुम्हाला... सुंदर! खोटं कशाला बोलू? गवत, फुलं, मागं निळा डोंगर, वाऱ्याची झुळूक. चांगुणेनं किती दिवसांनी मान वर करून बघितलं. कोंडाजीचा जीव सुपाएवढा झाला. म्हणाला, "बस गं, टेक जरा." ती गवतावर टेकणार, तोच... फुर्रर्रर्र!

शिट्टी!

मंगळू पळत आला. "गवतावर बसायचं नाय." बरं, बाकावर. फुर्रर्रर्र! "तो बाक ओला हाय, रंग दिलाय." दुसरा बाक? "तो पाव्हण्यांसाठी राखीव. मंत्री-बिंत्री आले तर." बरं, झाडाच्या पाराला टेकू. फुर्रर्रर्र! "पार शोभेचा हाय." बरं बाबा, उभ्या-उभ्या दोन घास खातो. फुर्रर्रर्र! "आत खाद्यपदार्थ खायचे नाय!" अहो, मग जनतेनं त्या उद्यानात करायचं काय? हातात डबा घेऊन पुतळ्यासारखं उभं राहायचं? तेही नाही! 'मार्गात उभे राहू नये'... होती, तीही पाटी होती!

चांगुणेचे पाय लटपटायला लागले. तिला धरून कोंडाजी त्या पाटीपुढं उभा राहिला, 'गवतावर बसू नये'च्या, आणि तिथं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःसाठी नव्हे हो. त्याला वाटलं, साधं बायकोला जमिनीवर बसवता येत नाही मला.

तेवढ्यात शेजारच्या ताटव्यात कुणीतरी खुरपं टाकून उठलं. भागीबाई. साठीची बाई, काटक, त्याच पाड्यावरची, रोजंदारीनं गवत निंदायला यायची. अहो, ज्या डोंगरउतारावर उद्यान झालं ना, तिथं पूर्वी हिच्या घरच्यांची नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती होती! आता हिच्याच उतारावर ही सरकारचं गवत निंदते, आणि हिचा सख्खा भाचा मंगळू हिच्यावर शिट्ट्या वाजवतो!

ती मंगळूला म्हणाली, "ये मेल्या, ती तोंडातली पिपाणी काढ आधी! बाईचा रंग बघ कसा झाला!" आणि चांगुणेचा दुसरा हात धरून म्हणाली, "चल बाय. इठं मरायला कोन थांबतं? तिकडं माझ्या बांधावर आंबा हाय. त्याला पाटी नाय."

कुंपणाच्या पलीकडं, फाटकाला लागूनच भागीबाईचा उरलेला तुकडा होता. बांधावर जुना आंबा, खाली गार सावली, साधी माती. चांगुणा टेकली. पाठ लावली खोडाला आणि एक लांब श्वास सोडला. भागीबाईनं मडक्यातलं पाणी दिलं. थोड्या वेळानं डबा उघडला, आणि चांगुणेनं भाकरी मोडली... आपण होऊन! ठेचा तोंडात टाकला आणि किती आठवड्यांनी पहिलं वाक्य बोलली. काय बोलली असेल? "अहो, मीठ घालायला विसरला का?"

कोंडाजीला वाटलं, देशात स्वातंत्र्य आलं!

आणि गंमत ऐका. दुपार झाली तसा फाटकातून मंगळू आला, टोपी काढली, आणि बसला की आंब्याखाली भाकरी घेऊन! कोंडाजीनं विचारलं, "का हो, तुम्ही इथं?" तो म्हणतो, "आत खायला बंदी हाय ना. मला पन." घ्या! पहारेकऱ्यालासुद्धा सुखानं बसायचं तर बाहेर यावं लागतं, असं ते उद्यान... आणि ते जनतेचं!

त्या दिवसापासून दर रविवारी हे जोडपं आंब्याखाली. झाडाला काही रविवारची सुट्टी नव्हती. चांगुणा हळूहळू सुधारायला लागली, आवाज चढायला लागला. मग वसाहतीतल्या शकुबाई गेल्या, त्यांच्या सुना गेल्या, मग मीही गेलो. पाड्यावरच्या बाया करवंदं घेऊन यायच्या, आमच्याकडून पुरणपोळी जायची. चांगुणा आणि भागीबाई तर अशा गप्पा मारायच्या की जुळ्या बहिणी वाटाव्यात. आत रिकामं उद्यान, बाहेर भरलेला बांध! तो शोभेचा पार ओस पडलाय, पाव्हण्यांच्या बाकावर मैना बसलीय, आणि आंब्याखाली पोरंबाळं लोळतायत.

मग? मग व्हायचं ते झालं. साहेबांना कळलं.

एका रविवारी आम्ही गेलो, बघतो तर आंब्याभोवती खड्डे! ओळीनं! आणि शेजारी कुंपणाच्या लोखंडी खांबांचा ढीग. भागीबाई बांधावर उभी, तोंडाला पदर. आणि जीप घेऊन साहेब हजर! बघा हं, जनतेला आनंद द्यायला रविवारी फाटक उघडत नाही, पण जनतेचा आनंद बंद करायला साहेब रविवारी नाशकाहून येतात!

साहेबांचं बोलणं म्हणजे छापील कागद! "सदर वृक्षास जनतेचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभत असल्याचे निदर्शनास आल्यावरून, सदर वृक्ष उद्यानात समाविष्ट करण्यात येत आहे." भागीबाई म्हणाली, "पन सायेब, बांध माझा हाय." साहेब म्हणाले, "होता. आता जनतेचा."

ऐकलंत? भागीबाई काय भूत होती? ती जनता नव्हे? आम्ही कोण मग, मेंढरं?

 कोंडाजीनं नेहमीसारखा चांगुणेचा पदर ओढला, "चल गं, आपण घरी जाऊ. साहेब आहेत ते." चांगुणेनं पदर सोडवून घेतला. एकदा आंब्याकडं बघितलं, एकदा भागीबाईकडं. आणि शांतपणे चालत गेली, पहिल्या खड्ड्यात उतरली, आणि बसली! कमरेएवढ्या खड्ड्यात, मांडी घालून!

साहेब ओरडले, "अहो बाई, उठा! इथे बसता येणार नाही!"

आणि मग सुटला तो आवाज... तोच, भोंग्याचा! कोंडाजी मला म्हणाला, "भाऊ, भीती वाटली, पण काय बरं वाटलं हो!" चांगुणा म्हणाली, "कुठं लिवलंय? आँ? गवतावर बसू नये, लिवलंय. बाकावर बसू नये, पारावर टेकू नये, वाटेत उभं राहू नये, सगळं लिवलंय! खड्ड्यात बसू नये, दावा पाटी!"

साहेबांनी मंगळूकडं बघितलं. मंगळूनं मान हलवली, "नाय सायेब. खड्ड्याची पाटी नाय."

"माझ्या आजीला विहिरीवरून हाकलत होते, तिथं तर पाटीबी नव्हती," चांगुणा म्हणाली, आणि हे मात्र हळू आवाजात म्हणाली. "लय उठले आम्ही. आता उठत नाय."

 मग भागीबाई पदर खोचून दुसऱ्या खड्ड्यात उतरली. शकुबाई तिसऱ्यात, त्यांना उतरवायला दोन सुना लागल्या, पण उतरल्या! पाड्यावरच्या बाया उतरल्या. मीही उतरलो, पँट नवी होती तरी. उरला एक खड्डा आणि उभा राहिला कोंडाजी. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही समजूतदार दिसता. सांगा तुमच्या मिसेसना."  कोंडाजीनं साहेबांकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं, सवयीनं म्हणाला, "सॉरी हां, साहेब"... आणि जाऊन बसला खड्ड्यात!

संध्याकाळपर्यंत बसलो. भाकऱ्या खड्ड्यात पोचत्या झाल्या. मंगळूला साहेबांनी फर्मावलं, "शिट्टी वाजव!" तर त्यानं खिसे चाचपले, "सापडत नाय सायेब." शेवटी साहेब जीपमध्ये चढताना म्हणाले, "मी वर कळवतो."

आणि कळवलं हो त्यांनी! वरनं उत्तर यायला उन्हाळा उजाडला. काय उत्तर असेल? बांध भागीबाईचा आहे, सोडा? छे! उत्तर आलं, 'प्रथम सूचनाफलक लावावा, तदनंतर खड्ड्यातील इसमांवर कारवाई करावी.' आणि फलक आला! पत्र्याचा, चांगला दारासारखा लांबरुंद, दोन लोखंडी पायांचा, वर पांढऱ्यावर लाल अक्षरं, 'खड्ड्यात बसू नये. हुकुमावरून.'

पण पाटी उभी करायची तर काय लागतं? खड्डा! जुने खड्डे तर पाड्यावरच्या बायांनी केव्हाच बुजवलेले! मंगळूनं कुदळ मारली, खड्डा झाला, की चांगुणा त्यात! तिकडं खणला, भागीबाई त्यात! पाटी रोवल्याशिवाय उठवता येत नाही, उठवल्याशिवाय पाटी रोवता येत नाही! असे तीन रविवार गेले. मग साहेबांची बदली झाली, खांब कुणीतरी दुसऱ्या उद्यानाला नेले, आणि मंगळूनं कंटाळून ती पाटी बांधावर दोन दगडांवर आडवी टाकून दिली.

उद्यान अजून तसंच आहे, रविवारी बंद. चांगुणा खणखणीत बरी आहे, कोंडाजीला घरात एक वाक्य पुरं करता येत नाही आणि त्याची तक्रारही नाही. आणि त्या पाटीवर भागीबाई नागलीचे पापड वाळत घालते. पत्रा आहे ना, ऊन झकास लागतं. दरसाल आम्हाला पाठवते. आता काय बोलायचं? एवढं मोठं खातं, एवढी योजना, एवढ्या जीपगाड्या... आणि आम्हा जनतेच्या तोंडात म्हणाल तर, भाजून, चहाबरोबर, एकेक पापड! खा मुकाट्यानं... कुरकुरीत असतो!