बनाबाईंच्या अर्जावरची सही

सन्माननीय अध्यक्ष, डोणगावहून एवढ्या उन्हात आलेले उकंडराव, बदली होऊन निघालेले आपल्या सांस्कृतिक केंद्राचे व्यवस्थापक किसनराव साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या, याच छपराखाली पूर्वी कामाला असलेल्या माझ्या मावश्यांनो. मी सबीहा, निवृत्त शिक्षिका आणि या बंद पडलेल्या जिनिंगचे फिटर शकूरमियां यांची मुलगी. सर्वांना नमस्कार आणि सलाम.

साहेबांबद्दल चांगलंच बोला, असं मला बजावलं आहे. बोलते ना. साहेबांनी या पडक्या जिनिंगचं सोनं केलं. दारातल्या रेच्याला, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला, खरोखरच सोनेरी रंग दिला. भोवती दोरी बांधली, ‘प्राचीन यंत्र, हात लावू नये’ अशी पाटी लावली. ते यंत्र चालवणारे आमचे अब्बा तिसऱ्या रांगेत बसले आहेत. परवा दोरीबाहेरून बघत म्हणाले, “बेटा, रंग झकास देला, पण रोलर उलटा बसवला.” आता प्राचीन माणसाचं कोण ऐकतं?

स्वच्छता मात्र वाखाणण्यासारखी. दोन वर्षांत या रंगमंचावर धूळ नाही, कारण पाऊलच नाही. उद्घाटन झालं, मग उद्घाटनाच्या फोटोंचं प्रदर्शन झालं, आणि तिसरा कार्यक्रम हा आजचा. कलेला घर मिळालं. कलाकारांनी तेवढं आत यायचं नाही.

या बनाबाई. रेच्यांच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून इथल्या बाया गाण्यातून बोलत. कुणाचं लेकरू आजारी, कुणाची सासू खवट, सगळं गाण्यात. तीच गाणी एकदा रंगमंचावर म्हणायची म्हणून बनाबाईंनी अर्ज केला. त्याला चौदा महिने झाले.

साहेबांनी आधी विचारलं, नाटक, नृत्य की शास्त्रीय गायन? आम्ही ‘इतर’वर खूण केली. मग विचारलं, इतर म्हणजे काय? मग अनुभवाचा दाखला मागितला. बनाबाई म्हणाल्या, “सायेब, एकतीस वर्स इथंच गायलो, दाखला कोनाचा आनू?” साहेब अगदी नम्रपणे म्हणाले, तेव्हा ही जागा केंद्र नव्हती, तो अनुभव धरता येत नाही.

त्याच दिवशी, भर दुपारी माझ्या ओट्यावर बसून बनाबाई रडल्या. म्हणाल्या, “बाई, आम्ही सहा जनी राह्यलो. पाच होईस्तोवर वाट पाहाची काय?” मला साहेबांचा राग आला, अजून आहे, आणि तो मी या शालीत गुंडाळून देणार नाही.

पाच वाजता साहेब कार्यभार सोडतील. नवे साहेब पुन्हा पहिल्यापासून विचारतील, इतर म्हणजे काय? म्हणून पुष्पगुच्छाखाली तो अर्ज ठेवला आहे. उकंडराव, तुमच्या खिशातला पेन जरा त्यांना द्या.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला बोलावण्याचं धाडस केलं, मी ऋणी आहे. जीभ जास्त चालली असेल तर शिक्षिकेची सवय म्हणून पोटात घाला.

आता माइक बंद करा. बनाबाई, उठा, बाकीच्यांनाही उठवा. साहेब, घाई नाही. सही होईपर्यंत या गातील. यांना बारा तासांच्या पाळीची सवय आहे.