डब्यातल्या दोन गोळ्या

मला आधी एक सांगा, तुमच्या घरात उरलेल्या गोळ्या कुणी टाकून देतं का हो? नाही ना? मग त्या डॉक्टर मॅडमनी माझ्याकडंच असं का बघावं, जसं काही मी एकटीनंच... जाऊ दे, पहिल्यापासून सांगते.

आमच्याकडं एक डबा आहे, स्टीलचा, लाडवांसाठी घेतलेला, पण लाडू त्यात कधी पडलेच नाहीत. कारण आमचे मालक, बाळासो, कागलच्या एमआयडीसीत कामाला, त्यांना डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की हे दोन दिवसांत बरे होतात आणि उरलेल्या माझ्या हातात देतात, "ठेव डब्यात, लागतील कुणाला तरी." मी ठेवते. मेडिकलवाला पाकीट कात्रीनं कापून देतो, नाव निम्मं तिकडं जातं, म्हणून मी पेनानं लिहून ठेवते, 'पोट', 'घसा', 'ताप'. दहावी झालेली आहे मी, अंदाजानं नाही देत कुणाला. अख्खी गल्ली येते. शेजारची धोंडुबाई तर भिंतीवरनंच हाक मारते, "वैनी, पोटाची हाय का ओ? दोन द्या. दोन गोळ्या घेतल्या की थांबतंय."

आणि थांबायचं हो. खरंच थांबायचं, तिथंच तर आम्ही सगळे फसलो.

आता मालकांची एक सवय. रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर जायचं, म्हशीच्या धारेखाली पेला धरायचा आणि फेसासकट तिथंच उभ्यानं प्यायचं. मी म्हणते, घरी आणा, उकळून देते. तर म्हणतात, "उकाळल्यावर काय ऱ्हायलं त्यात? चहाचं दूध झालं की ते." बरं, प्या. मग एका गुरुवारी पहाटेपासून जे सुरू झालं... संडासाचं दार लावायला सुद्धा उसंत नाही, वर ताप. मी डबा काढला. 'पोट' दिली, दोन. थांबेना. दुसऱ्या रंगाची 'पोट' दिली, थांबेना. शेवटी, खोटं कशाला बोलू, 'घसा' पण देऊन बघितली. हे पडल्या पडल्या मलाच धीर देतात, "थांबतंय गं. दोन गोळ्या घेतल्या की थांबतंय." चौथ्या दिवशी डोळे आत गेले, जीभ लाकडासारखी, मी पाणी घेऊन जवळ गेले तर माझ्याकडं बघून म्हणाले, "पावणं, बसा की." सव्वीस वर्षं झाली हो लग्नाला, आणि मला पावणं?

मग दवाखाना. तिथल्या सौंदर्या मॅडम, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "मावशी, आधी काय काय दिलंय?" मी डबाच नेला होता, जरा अभिमानानंच झाकण काढलं. त्या बघतच राहिल्या. रक्त तपासायला पाठवलं, तीन दिवसांनी कागद आला. बारा औषधांची नावं, त्यातल्या दहांपुढं इंग्रजी 'आर'. म्हणाल्या, "साल्मोनेला नावाचा जंतू आहे, रक्तात उतरलाय. आर म्हणजे हा या औषधाला आता जुमानत नाही." आणि माझ्या डब्यातलं एकेक पाकीट उचलून त्या कागदावर 'आर' असलेल्या नावापुढं ठेवत गेल्या. बसली हो सगळी. 'पोट' बसली, 'घसा' सुद्धा बसली.

मी विचारलं, "माझ्यामुळं झालं का?" तर म्हणाल्या, "एकट्या तुमच्यामुळं नाही मावशी. औषध अर्धं सोडलं की मऊ जंतू मरतात, दांडगे राहतात, आणि ते पुढच्या माणसाकडं जातात. जनावरांना, कोंबड्यांना हीच औषधं ऊठसूट टोचतात, तिथंही तेच. या महिन्यात माझ्याकडंच असे सात पेशंट आलेत." हळू आवाजात सांगितलं हो. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बारातली राहिली दोन. एक सलाईनमधनं द्यायचं, एक गोळी. सलाईननं ताप उतरला, आणि एका दुपारी हे म्हणाले, "जेवायला काय आणलंयस?" मी कॉटला धरून रडले. घरी सोडताना मॅडमनी सात गोळ्या दिल्या, रोज एक. "एक चुकवायची नाही, एक उरवायची नाही. हिच्यापुढं माझ्याकडं काही नाही मावशी." डबा तिथंच रिकामा केला. घरी आल्यावर त्यात फक्त त्या सात ठेवल्या आणि डबा देव्हाऱ्यात ठेवला, अंबाबाईच्या फोटोमागं. आणखी काय करायचं माणसानं?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दळण आणायला गेले. अर्ध्या तासात परत. चार असायला पाहिजेत, तर डब्यात दोन.

"अहो, दोन गोळ्या कुठं गेल्या?"

"धोंडुबाई आलती. केरबाला जुलाब लागल्यात. माझ्यासंगंच असतोय न्हवं त्यो कट्ट्यावर. म्हटलं घेऊन जा, लई भारी गोळी हाय, मॅडम म्हणालीया हिच्यापुढं काय न्हाय. दोन गोळ्या घेतल्या की थांबतंय."

मी तशीच पीठ माखलेल्या हातांनी धोंडुबाईकडं गेले. तिचा नवरा केरबा भिंतीला टेकून बसलेला, तोंड उतरलेलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, रक्त तपासा. ती म्हणाली, "एक दिलीया की आत्ताच. सकाळपातूर थांबलं न्हाय तर नेते." दुसरी गोळी तिच्या मुठीत होती, मला दिसत होती. आजारी माणसासमोर परत कशी मागायची, तुम्हीच सांगा... मी नाही मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाचं थांबलं, आणि धोंडुबाई उरलेली एक गोळी माझ्या डब्यात टाकून गेली, कुणाला तरी लागेल म्हणून.