आक्काची राणीछाप नाणी

अहो, पण घासायचीच कशाला, मी म्हणतो! इतकी वर्षं देव्हाऱ्यात हळदकुंकू खात गपगुमान पडली होती ना ती चार राणीछाप सोन्याची नाणी? पण नाही! आमच्या दापोड्याच्या केसरीनाथची आई, आक्का, गेली, पुढच्याच वर्षी लेकीचं, मृणालीचं लग्न ठरलं, आणि ह्यानं व्याह्यांसमोर छाती फुगवून सांगितलं, "आक्काची नाणी हायेत, राणीच्या वेळची! पोरीच्या गळ्यात घालूनच पाठवतो!" झालं! बायको सुकन्या चिंच घेऊन घासायला बसली आणि एका नाण्याची कड... पांढरी! तुम्हाला सांगतो, केसरीनाथचा घसा कोरडा!

खोटी निघाली तर? मांडवात नाक कापलं जाणार, पोरीचं लग्न मोडणार! गावच्या सोनाराला दाखवावी तर दुपारच्या आत व्याह्यांना फोन! मग शहरातल्या निजामपुऱ्यातला म्हातारा सोनार मोरूशेठ बरा, तिथं कोण ओळखतंय? आता न्यायची कशी? स्वतःची गाडी नको, अख्खं गाव ओळखतं. रिक्षा! आणि नाणी कशात, तर तंबाखूच्या डबीत! अर्ध्या वाटेत रिक्षावाला ओसामा मागं वळून म्हणतो, "सेठ, जरा तंबाखू देना." "खतम हो गया!" "खतम हुआ तो बज क्या रहा है?" अरे देवा! दिवसाढवळ्या आपल्याला लुटणार हा! घसा कोरडा!

कसाबसा दुकानात पोचला. मोरूशेठनं नाणं कसोटीच्या दगडावर ओढलं, वर ॲसिडचा थेंब सोडला... रेघ गायब, म्हणजे सोनं नाहीच! दुसरं, गायब! चारही गायब! केसरीनाथ स्टुलावरून घसरायचाच बाकी. "शेठ, कोणी फसवलं हो आमच्या आक्काला?"

"आक्का? तू आक्काचा पोरगा होय रे?" मोरूशेठनं चष्मा वर केला, नाणी पुन्हा निरखली. "फसवतंय कोण तिला! ही मीच करून दिलीत. तुला टायफॉइड झाला, एक खरं विकलं. तुझी फी भरली, दुसरं. तुझा पहिला टेम्पो, तिसरं. चौथं तुझ्या लग्नात. दर वेळी म्हणायची, 'शेठ, तसंच दिसणारं एक करून द्या, पोराला कळता कामा न्हाय.' गावातल्या सोनाराला भ्यायची बिचारी!"

केसरीनाथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि घसा? अहो, कोरडाच!

"पण पाचवं कुठाय?" मोरूशेठ विचारतो. "ते मळकट, झिजलेलं? ते अस्सल हां!"

आता काय सांगणार हा? माणूस गेलं की तोंडात सोन्याचा कण ठेवतात ना, तर आक्का गेली तेव्हा अख्ख्या गावासमोर हा गरजला होता, "कण कसला? आमच्या आक्काला अख्खं नाणं!" आणि आत जाऊन पाचांतलं सगळ्यात कळकट बघून उचललं, मनाशी म्हणाला, हे खोटंच दिसतंय, जाऊ दे! राख खाडीत सोडून मोकळा!

घरी आला तर सुकन्या दारातच. "काय वो, समदी खोटी?"

"एक खरं हाय."

"हाय ना? मंग तेवढंच घालू पोरीला! कुठं हाय?"

केसरीनाथनं चप्पल काढली, ओट्यावर टेकला. "आक्कानं नेलं. तिचंच व्हतं."