हिरवळीवरचं बारसं

— बसा, बसा आजोबा, कुणाची नाही ती खुर्ची. पिशवी माझीच होती, घेते उचलून. लंगोट आहेत आत, कोरडेच आहेत, तोंड वाकडं करू नका. आणि ती टोपी — नाही नाही, काढू नका, राहू द्या तशीच. तुमच्या टोपीची सावली बरोबर बाळाच्या तोंडावर पडतेय. आता मॅच संपेपर्यंत हलायचं नाही, कळलं? ... काय म्हणालात, कोण जिंकणार? तुम्हीही लावलीय वाटतं पैज. लावा, लावा. या सॉल्टमीडच्या टेनिस क्लबात हंगामाच्या शेवटच्या शनिवारी पैज न लावता इथे येऊन बसणारा माणूस म्हणजे एकतर पाद्री, नाहीतर वाट चुकलेला. आमचे पाद्रीही लावतात म्हणा, स्ट्रॉबेरीच्या वाटीवर.

हे बघा, गवतावर कोण जिंकणार हे खेळणाऱ्याकडे बघून कळत नाही, गवताकडे बघून कळतं. ती उंच, वेणीवाली पोरगी ना, ती ब्रायोनी. चेंडू असा हाणते की मी दर वेळी बाबागाडीवर वाकते — एखादा सुटला आणि आत आला तर? म्हणून तर मी ही कोपऱ्यातली जागा धरली, गाडीचं छत ओढलं, वरून शाल टाकली, मग वाटलं गुदमरेल, म्हणून शाल काढली, मग ऊन लागेल म्हणून — देवाने तुम्हाला पाठवलं बघा टोपी घालून. आणि ती दुसरी, गुडघ्याला पट्टा बांधलेली, ती हेदर क्रॅबट्री. दातांच्या दवाखान्यात बसते, पेशंटची नावं पुकारते. माझ्या आईच्या वयाची आहे. ती हाणतच नाही चेंडू. सुरीने लोणी काढावं तशी खालून खरवडते. ओल्या गवतावर हेदरचा चेंडू टप्पा पडला की वर उठतच नाही, घोट्याशी सरपटतो, समोरची पार लोटांगण घालते तरी हाती लागत नाही. पण गवत वाळलं ना, की तोच चेंडू कमरेएवढा उडतो, आणि कमरेएवढा चेंडू ब्रायोनीला दिला म्हणजे — थांबा, सर्व्हिस करतेय, या वेळी बोलत नाहीत.

... हां, गेला ब्रायोनीचा जाळीत. दुसराही गेला, वा, वा, छान — काय? टाळ्या? मी कुठे, ती माशी होती. ... हो, मी म्हणाले ना मघाशी त्या तिकीटवाल्या बाईला, की माझी पैज ब्रायोनीवर आहे. आहेच. तुमचे कान चांगले आहेत या वयात. अहो, माझी ब्रायोनी, सासूची हेदर. एक-एक सेट झाला, हा निकालाचा, आणि ब्रायोनी पुढे आहे. मग माझं तोंड असं का? बाळ रात्री झोपू देत नाही, दुसरं काय.

बरं, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई ठीक नाही. माझा नवरा इथला माळी. हे सगळं गवत त्याचं — म्हणजे क्लबचं, पण वाढवतो, कापतो, त्याच्याशी बोलतो तो. त्याच्या आधी त्याचा बाप होता, त्याच्या आधी आजा. आता क्लबचा नियम असा, की पगारी माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी मॅचवर पैसे लावायचे नाहीत. मग आमच्या पेनफोल्डांच्या घरात पैसे सोडून सगळं लावतात. स्वयंपाकघराला रंग कुठला द्यायचा, नाताळला कुणाच्या बहिणीकडे जायचं, कुत्रा पाळायचा की मांजर. दोघांचं पटलं नाही की भांडत नाहीत हे लोक, उठतात, शेडमध्ये जातात, गवत दाबायच्या त्या लोखंडी रोलरवर दोघं तळहात ठेवतात आणि बोलतात. झालं. मग शेवटच्या शनिवारी गवत ठरवेल ते. रोलरवर बोललेलं कुणी मागे घेत नाही. नॉर्मच्या एका काकाने घेतलं होतं एकदा, कसल्याशा कोंबड्यांच्या खुराड्यावरून. म्हातारा झालाय आता, तरी सगळे त्याला माघारी टेड म्हणतात. मुलं सुद्धा.

नॉर्म म्हणजे माझा नवरा. नॉर्मन. हसा, हसा, मीही हसले होते. पंचविशीतल्या पोराचं नाव नॉर्मन असतं का? तेही याच गवतावर ठरलं. मॉरीनला, म्हणजे माझ्या सासूला, ज्यूलियन ठेवायचं होतं. सासऱ्यासमोर रोलरवर हात ठेवला तिने, आणि तिची खेळाडू घसरून पडली, पाय मुरगळला. गेलं ज्यूलियन. मला एकदा भांडी पुसताना सांगत होती, म्हणे वर्षभर हाक मारताना जीभ अडखळायची. कुणी नसलं की त्याच्या कानात ज्यूलियन म्हणायची, मग स्वतःलाच रागवायची. तशी रडकी नाही ती हं, मॉरीन. ती तिकडे बघा, चहाच्या मोठ्या भांड्यापाशी, निळा एप्रन, हात कसे आहेत बघा, दोन हातांनी ओंडका उचलेल. पण सांगताना तोच कप पुसत बसली होती, कधीचा कोरडा झालेला.

तर आता यंदा आमचं काय लागलंय, ते ओळखा. ... नाही. ... नाही, घर नाही. अहो, ही. ही गाडीतली. हिचं नाव. सोमवारी नोंदणी कचेरीत जायचंय, मुदत संपत आली, आणि अजून दवाखान्यात हाताच्या पट्टीवर होतं तेच, बेबी पेनफोल्ड. घरात आम्ही वाटाणा म्हणतो. मी म्हणत होते सिएना ठेवू. कसं वाटतं? ... खरं सांगा. ... हं. मला आवडलं होतं. भिंतीचे रंग बघायला गेले होते ना पोटात असताना, त्या रंगांच्या पुस्तकात होतं, छान मातकट, उन्हात ठेवल्यासारखा रंग. आणि मॉरीनला हवंय हिल्डा. तिच्या आईचं नाव. ती म्हातारी याच क्लबाच्या जाळ्या विणायची, फाटल्या की शिवायची. मी म्हटलं, मॉरीन, हिल्डा नावाच्या बाईला जन्मतः मिशी असते. शाळेत पोरं जीव खातील हिचा. ती म्हणाली, पोरी, सिएना नावाच्या मुलीला भिंतीसारखी ओल येते. झालं. वसंतात, मी अशी एवढं पोट घेऊन, शेडमध्ये गेलो दोघी. सगळं घर दारात उभं. ठेवला हात रोलरवर. थंडगार होता.

मग ही झाली. आणि पिवळी झाली. कावीळ हो, होते म्हणे पुष्कळांना, नर्स म्हणाली घाबरू नका, पण नर्सचं काय जातंय. निळ्या दिव्याखाली काचेच्या पेटीत ठेवली, डोळ्यांना पट्टी, दूध ओढेना. आणि मी — हे नॉर्मलाही सांगितलं नाही मी — मला हात लावायचीच भीती वाटायची. पेटीला दोन भोकं असतात हात घालायला, मी नुसती भोकांकडे बघत बसायची. माझा हात थंड असेल तर? नख लागलं तर? मॉरीन आली, कोट सुद्धा काढला नाही, बाही वर केली आणि हात आत घातला, आणि म्हणाली, "चल हिल्डे, सगळी बाग हिरवी झालीय आणि तू कसली पिवळी पडतेस?" आणि हिने तोंड उघडलं. चिमणीसारखं. तिकडे वळवलं तोंड, आवाजाकडे. मग मॉरीनला आठवलं मी बसलेय ते. चूक झाली म्हणाली पोरी, पैज अजून व्हायचीय, मी वाटाणाच म्हणेन. आणि म्हणते तेव्हापासून. एकदाही चुकली नाही.

पण मी ऐकलं होतं ना. आता रात्री दूध पाजताना मी सिएना म्हणते, तर ती हू का चू करत नाही. आणि हि— वाटाणा म्हटलं की — थांबा, सर्व्हिस.

... अरे देवा. काय हाणला. ... हो, हो, खूश आहे मी. माझीच ना ती. अजून एक गेम घेतला तिने की सगळंच घेतलं. आजोबा, तुम्ही हलताय, ऊन आलं बघा नाकावर.

मग सोडून द्या ना पैज, म्हणताय? किती सोपं. जाऊन सांगू, की मॉरीन, तुझंच नाव ठेवू? रोलरवर हात ठेवून? जन्मभर माघारी बाई म्हणून घेऊ? आणि मलाच नाही, हिलाही म्हणतील, माघारी बाईची पोरगी. या घरात हरलेल्याला कुणी हसत नाही हो, हरलेल्याला पहिली चहाची कपबशी मिळते, त्याच्या आवडीचा केक कापतात. फक्त हरावं लागतं. गवतावर. म्हणून तर काल संध्याकाळी, धाकटीने आधी निवडायचं असा आमच्यात रिवाज, तर मी ब्रायोनी मागितली. मॉरीनने माझ्याकडे अशी मान तिरकी करून बघितलं. कारण पेनफोल्डांच्या घरात राहून, दोन दिवस पावसाच्या झाकणाखाली दमट राहिलेलं, मऊ, दाट गवत बघून, हेदरला सोडून ब्रायोनी कोण मागेल? मी म्हटलं, मला वेणी आवडते तिची.

आणि तरी वाटलं, आज ऊन पडलं तर? मग पहाटे हिला पाजलं, उठलेच होते, तर — नाही, काही नाही. दव पडलं होतं भरपूर. ... हो का, तुम्हाला कळतं वाटतं, वारा असला की दव पडत नाही ते. बरं, झारी होती. माझी खिडकीतल्या फुलांची, लहानशी. कुणाला बोलायचं नाही, नॉर्मची नोकरी आहे. पाय पडतात तिथे एक थेंबही नाही टाकला, आईशप्पथ. कुणी घसरलं तर मला काय झोप लागणार होती? फक्त जाळीजवळच्या चौकोनांत, जिथे चेंडू टप्पा घेतो ना, तिथे शिंपडलं, बाळाला कडेवर घेऊन, अनवाणी. बोटांत गवत कसं थंड लागत होतं. म्हटलं, आता सरपटतो हेदरचा चेंडू दिवसभर.

आणि काय झालं असेल? न्याहारीला खिडकीतून बघते तर मॉरीन. गुडघ्यांवर बसून, जुने पंचे घेऊन, गवत टिपतेय. मी धावत गेले, म्हटलं मॉरीन, हे काय? तर म्हणे, नॉर्मने पाणी जास्त घातलं वाटतं, पोरी पडतील. आता मला सांगा, जाळीजवळ कोण पडतंय? तिथे तर या दोघी फिरकतही नाहीत. पण ती नेमके तेच चौकोन टिपत होती, पंचा पिळायची, पुन्हा टिपायची, लादी पुसावी तसं. स्वतःचीच हेदर बुडवत होती बाई. इतकी वर्षं गवतात काढली आणि एवढं कळू नये? बोलणार तरी काय, धावताना झारी हातातच राहिली होती, ती पाठीमागे लपवली. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "जा पोरी, आत जा, पाय ओले झालेत तुझे." ... माझे पाय? पण मी तर तेव्हा बूट घालून आले होते, माझे कसे —

... आजोबा, थांबा जरा. माझे पाय पहाटे ओले झाले होते हे तिला —

आणि आत्ता, बघा, बघा तिकडे. ब्रायोनीने गुण घेतला आणि मॉरीन टाळ्या वाजवतेय. चमचा बगलेत धरून. तिची हेदर हरतेय ना? मग ती कशाला — मघाशीही वाजवल्या होत्या का तिने? तुम्ही बघितलंत? ... आधीपासून? ... आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?

ज्यूलियन. अग बाई. त्या ज्यूलियनमुळे ही मला जिंकवायला —

नाही, आता नाही बोलायचं, शेवटचा गुण आहे, मॅच पॉइंट. हा घेतला ब्रायोनीने की संपलं, सिएना. चेंडू आपटतेय बघा. सगळे गप्प झाले. किती गप्प होतात हो हे लोक — अरे, नाही, नाही, आत्ता नको, राणी, आत्ता नाही रडायचं, टोपी हलली का तुमची? पाजलंय ना आत्ताच, काय दुखतंय, पोट का? — हो साहेब, हो पंचसाहेब, ऐकू आलं, करते गप्प, ब्रायोनीने थांबवली सर्व्हिस, सगळे बघतायत इकडे, श्श, माझं बाळ, श्श, हिल्डा, गप ना गं, हिल्डा, हिल्डे, हे बघ, आई आहे ना —

...

गप्प झाली.

... मोठ्याने म्हटलं का मी? ... किती मोठ्याने? तिथपर्यंत गेलं असेल? चहाच्या भांड्यापर्यंत?

... गेलं. तोटी चालूच आहे बघा, कप भरला, बशी भरली, टेबलावरून चहा वाहतोय, आणि तिचं लक्षच नाही. उभी आहे नुसती. एप्रन तोंडाला लावलाय. मॉरीन पेनफोल्ड.

नाही, काही नाही. डोळ्यात गवत गेलं. ... तुमची पैज? तुमची पैज तुम्ही बघा, ती बघा पुन्हा चेंडू आपटायला लागली, गप्प बसा आता. पिशवी द्या ती इकडे. आम्ही चाललो पलीकडे, चहा सगळा सांडायच्या आत. आणि टोपी काढलीत तरी चालेल, सावली नकोय आता.